दुकानातला बेस, मांडवातला बेस

बेस गिटार घ्यायला गेलेला माणूस ती दुकानात एकटाच वाजवून बघतो आणि निवड चुकते ती तिथेच. एकट्याने वाजवताना जो बेस गोड, चकचकीत लागतो, तो ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि दोन गायक सुरू झाले की कुठे जातो ते कळत नाही. उलट जो एकटा असताना ‘एवढंच होय?’ असा वाटतो, तो त्या सगळ्या गदारोळात आपली जागा धरून बसतो.

छत्रपती संभाजीनगरात तर अनेकांना ही चूक करायचीही संधी मिळत नाही. इथल्या वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, ढोलकी, साधी गिटार, कीबोर्ड मुबलक; बेस असलाच तर एखादा, तोही वरच्या खिळ्याला टांगलेला. त्यामुळे दोनच वाटा उरतात. मोबाइलवर चित्रफिती बघून ऑनलाइन मागवायचा, नाहीतर तपोवन एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची आणि धोबी तलावच्या फुर्तादोससारख्या जुन्या दुकानात जाऊन हाताळायचा. (ही पेढी १८६५ पासूनची. गोव्याच्या आणि मुंबईच्या वादकांच्या कित्येक पिढ्या तिथे वाद्यं न्याहाळत उभ्या राहिल्या असतील.) दोन्ही वाटांच्या टोकाला प्रश्न मात्र एकच येतो : प्रिसिजन घेऊ की जॅझ?

ही दोन्ही नावं मूळची फेंडर या अमेरिकन कंपनीची, पण आज ती जातीची नावं झाली आहेत. कुठल्याही कंपनीचा बेस घ्या, बहुधा तो या दोहोंपैकी एकाच्या वळणावर गेलेला असतो किंवा दोघांचा संकर असतो. म्हणून आधी ती घराणी समजून घेऊ.

लिओ फेंडर हे वादक नव्हते. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बँडवाले तिथे बिघडलेले अँप्लिफायर घेऊन यायचे आणि कुरकुरायचे. त्यात सगळ्यात मोठी कुरकुर डबल बेसवाल्यांची. माणसापेक्षा उंच वाद्य, गाडीत मावत नाही, मंचावर ऐकू येत नाही आणि पडदे नसल्यामुळे अंधारात सूर चुकतो. फेंडर यांनी १९५१ मध्ये यावर उत्तर काढलं : गिटारसारखं गळ्यात अडकवायचं, चार तारांचं, विजेवर चालणारं आणि पडदे असलेलं वाद्य. पडद्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. असा प्रयत्न त्यांच्याआधी झाला नव्हता असं नाही. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडद्यांचा विजेवरचा बेस बनवला होता, पण तो चालला नाही. फेंडर यांचा चालला याचं एक कारण असं की रेडिओवाल्या माणसाला वाद्याइतकीच स्पीकरचीही काळजी होती. पाठोपाठ १९५२ मध्ये त्यांनी खास बेससाठी अँप्लिफायर आणला. बेस विकत घेताना अँप्लिफायरचे पैसे वेगळे काढायचे असतात हे पहिल्या यशस्वी बेसच्या निर्मात्याला माहीत होतं, आपल्याकडच्या पुष्कळ गिऱ्हाइकांना अजून नाही.

जॅझ बेस १९६० मध्ये आला. नेक, म्हणजे मान, निमुळता, अंग तिरकं कापलेलं आणि एकाऐवजी दोन पिकअप. नाव जॅझचं, पण जॅझपुरता तो कधीच राहिला नाही.

आता खरा फरक. तो लाकडात नाही, रंगात नाही. तो पिकअपमध्ये आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढे देऊन गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. कोयनेच्या वीजघरातही तेच राबतं. म्हणजे पिकअप आवाज ऐकत नाही, तो तारेची हालचाल बघतो. आणि कुठून बघतो यावर सगळं अवलंबून आहे.

तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, हे गाणं शिकणाऱ्याला पहिल्या वर्षातच दाखवतात. तार एकाच वेळी पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, पाच भागांत अशी थरथरत असते. पूर्ण लांबीचा तो मूळ स्वर, बाकीचे स्वयंभू स्वर. बेसच्या तारेचंही तसंच. ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या अगदी जवळ तार फारशी हलत नाही. तिथे मूळ स्वर दुबळा आणि वरचे स्वर धारदार दिसतात. नेककडे सरकावं तसा मूळ स्वर भरघोस होत जातो.

प्रिसिजनचा पिकअप या दोन टोकांच्या मधल्या जागी बसवलेला असतो. १९५७ पासून तो दोन तुकड्यांत येतो : एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली, जरा पुढे-मागे. दोन्ही तुकड्यांची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट ठेवलेली असल्यामुळे बाहेरून येणारी विजेची गुणगुण एकमेकींना मारून टाकते. एक आवाजाचं बटण, एक टोनचं. संपलं. त्याचा आवाज एकच, पण ठाम : खाली भरीव आणि मधल्या पट्ट्यात एक गुरगुर. हीच मधली गुरगुर दुकानात एकट्याने ऐकताना खडबडीत वाटते.

जॅझला दोन पिकअप, एक नेककडे आणि एक ब्रिजजवळ. प्रत्येकाला आवाजाचं वेगळं बटण, तिसरं टोनचं. दोन्ही पूर्ण उघडले की गंमत होते. एकच तार दोन ठिकाणांहून पाहिली जाते. काही स्वयंभू स्वर असे असतात की एका ठिकाणी तार वर जाते तेव्हा दुसऱ्या ठिकाणी ती खाली येत असते. असे स्वर बेरजेत एकमेकांना खातात. परिणामी मधल्या पट्ट्यात एक खोलगट जागा तयार होते, खाली मऊ आणि वर चकाकी उरते. कानाला हे फार देखणं वाटतं. एकटं वाजवताना तर वाटतंच. फक्त अडचण अशी की जो मधला पट्टा जॅझने रिकामा सोडला, तिथेच ढोलकीची डावी बाजू, कीबोर्डचे कॉर्ड आणि पुरुष गायकाचा आवाज येऊन बसतात आणि बेस मागे सरकतो. यावर इलाजही जॅझमध्येच आहे. एका पिकअपचं बटण थोडं खाली आणलं की खोलगा भरतो; ब्रिजकडचा एकटा ठेवला तर अनुनासिक, बोलका आवाज येतो. १९७० च्या दशकात जॅको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदेच काढून टाकले आणि याच मागच्या पिकअपवर बेसला जवळजवळ गायला लावलं. दुसऱ्या बाजूला डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतले जेम्स जेमरसन : त्यांच्याकडेही १९६२ चाच बेस, पण प्रिसिजन, त्यावर चपट्या गुंडाळीच्या जुन्या तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्यांच्या बेसवर अमेरिकेतल्या गाण्यांची अख्खी पिढी उभी आहे. वर्ष तेच, कंपनी तीच आणि दोघांचं म्हणणं मात्र निराळं.

आता आपल्या गावच्या माणसाकडे येतो. संभाजीनगरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरी आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी हिशेबाचं काम बघत असे आणि त्याच माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाची तीन स्थानं सांगितली आहेत : मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, आणि प्रत्येक वरचं स्थान खालच्याच्या दुप्पट. शार्ङ्गदेव बोलत होता माणसाच्या गळ्याबद्दल, बेसबद्दल नव्हे. तरीही बेसच्या मोठ्या स्पीकरपुढे उभं राहिल्यावर छातीत जे दणकतं, त्याचा पत्ता त्याने बरोबर दिला होता असं म्हणायला हरकत नाही. दुपटीचं गणित तर जसंच्या तसं लागू आहे. बेसची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, गिटारची सर्वांत जाड तार ८२ वेळा. एक पूर्ण सप्तक खाली. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातला खर्ज साधारण ६९ वर असतो. बेस त्याच्याही बराच खाली उतरतो.

इतक्या खालचा स्वर ऐकायला माणसाचा कान आळशी आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की खालचे स्वर मधल्या स्वरांइतके मोठे वाटायला हवे असतील तर त्यांना कितीतरी जास्त ताकद द्यावी लागते. म्हणून गिटारवाल्याचं तीस वॅटमध्ये भागतं आणि बेसवाल्याला दोनशे-तीनशे लागतात. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तर ४१ चा स्वर बाहेर पडतच नाही. तरी आपल्याला बेस ‘ऐकू’ येतो, कारण त्याचे बरेच वरचे स्वयंभू स्वर कानावर पडतात आणि मेंदू गाळलेली जागा भरून काढतो. ऑनलाइन चित्रफीत बघून बेस निवडणारा माणूस खरं तर बेसचा वरचा भाग ऐकून निवडत असतो. त्यात जॅझ जिंकणार हे ठरलेलंच. निदान हेडफोन तरी लावा.

खोलीचाही यात हात असतो. ४१ च्या स्वराची लहर सव्वाआठ मीटर लांब. सिडकोतल्या घरातली खोली दहा बाय बाराची. बारा फुटांच्या खोलीत सुमारे ४७ च्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. बेसवर तो म्हणजे जाड तारेचा दुसरा पडदा, काळी तीनचा खर्ज. त्यामुळे घरी सराव करताना एकच सूर घुमतो, भांडी वाजतात, शेजारच्या काकू दार ठोठावतात आणि वादकाला वाटतं आपल्या बेसमध्ये खोट आहे. तो बेस दुकानात परत न्यायच्या आधी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसून बघावं. तापडिया नाट्यमंदिरात किंवा संत एकनाथ रंगमंदिरात तोच बेस वेगळा वाजेल. विद्यापीठाजवळ, सोनेरी महालाच्या मोकळ्या आवारात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, तिथे भिंतीच नसल्याने खालचे स्वर दूर निघून जातात आणि सगळा भार साउंडवाल्याच्या खोक्यांवर येतो.

आपल्याकडे हे वाद्य रुजवलं ते सिनेमाच्या वादकांनी. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ यांचा बेस ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल : गाण्याच्या चालीशी बोलणारा आणि तरीही तिच्या पायात न येणारा. त्याच वर्तुळातले चरणजित सिंग हेही बेस वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये रागांची एक तबकडी काढली, तीत रोलँड कंपनीचं टीबी-३०३ नावाचं यंत्र वापरलं. हे यंत्र मुळात बेस गिटारवाल्याची जागा भरून काढायला बनवलं होतं. बेसवादकानेच बेसवादकाला पर्याय असलेलं यंत्र वाजवावं आणि पुढे कित्येक वर्षांनी परदेशातल्या नाचगाण्याच्या संगीताच्या अभ्यासकांनी ती तबकडी डोक्यावर घ्यावी, हा प्रकार मला नेहमी मौजेचा वाटत आला आहे.

यंत्राची भीती आपल्या मंडळींना आजही आहेच. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पैसे वाचवायचे झाले की पहिला गळतो तो बेसवाला. कीबोर्डवाला डाव्या हाताने खर्ज सांभाळतो. त्यामुळे ज्याला या शहरात बेस वाजवून चार कार्यक्रम मिळवायचे आहेत, त्याचा बेस कीबोर्डच्या डाव्या हाताहून वेगळा ऐकू आला पाहिजे. तारेवर बोट पडल्याचा ठोसा, सुटताना होणारी किंचित घसर, समेवर टेकणारं वजन. मधली गुरगुर असलेला प्रिसिजन इथे कामाला येतो. चौदा एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम असतात, चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी असतात. तिथे ढोलक आणि कोरस दोन्ही जोरात असतात, लोक हजारोंनी असतात आणि गाण्याचे शब्द हीच मुख्य गोष्ट असते. अशा ठिकाणी देखण्या आवाजाला कोण विचारतो? शब्दांच्या खाली जमीन पाहिजे.

आता विजेचं. जॅझ बेसचा प्रत्येक पिकअप एकेरी वेटोळ्याचा असतो. दोन्ही पूर्ण उघडे असतील तर त्यांची गुणगुण एकमेकींना मारते, कारण दुसरं वेटोळं उलट गुंडाळलेलं असतं. पण मघाशी सांगितलेला इलाज करायला गेलात, म्हणजे एक पिकअप खाली आणलात, की गुणगुण जागी होते. बीड बायपासवरच्या लॉन्समध्ये जनरेटर, रोषणाईच्या माळा, मंद-तेज होणारे दिवे आणि एलईडीची भिंत यांच्या मधोमध उभं राहिलात की ती चांगलीच जागी होते. म्हणजे जॅझचा सगळ्यात मोठा गुण, दोन पिकअपची कमी-जास्त मिसळ, आपल्या मांडवात नेमका महाग पडतो. प्रिसिजनला हा त्रास नाही.

दुसरी गुणगुण वेगळी, ती अर्थिंगची. तारांना हात लावला की थांबते, काढला की सुरू होते. ही दोन्ही जातींना होते आणि मांडवाचं वायरिंग खराब असेल तर आणखी वाढते. उन्हाळ्यात मुरमाची जमीन कोरडी पडली की जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईचा संपर्क आणखी दुबळा होतो. इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. बेसच्या तारा अँप्लिफायरमार्फत अर्थला जोडलेल्या असतात आणि गायनाचा माइक दुसऱ्याच फेजवरून आलेला असू शकतो. कोरस द्यायला माइकला ओठ लावले आणि चुरचुरलं, तर हसण्यावारी नेऊ नका. वाजवणं थांबवा आणि साउंडवाल्याला बोलवा.

चार तारा की पाच, हा प्रश्न लोक उगीच शेवटी टाकतात. मराठी गाण्यात तो पट्टीशी बांधलेला आहे. चार तारांच्या बेसचा तळ पांढरी तीनवर संपतो. गाणं पांढरी चार किंवा पाचमध्ये असेल तर खालचा षड्ज जाड तारेवरच हाताशी मिळतो. पण काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या पट्ट्यांमध्ये, म्हणजे पुरुष गायकांच्या नेहमीच्या घरात, षड्ज एक सप्तक वर घ्यावा लागतो. त्याने काही बिघडत नाही, पण शेवटच्या अंतऱ्याला खाली उतरून मांडव हलवायची सोय राहत नाही. पाचवी तार सेकंदाला ३१ कंपनांपर्यंत खाली नेते. त्याहून मोठा फायदा असा की ऑर्केस्ट्रात एकाच गाण्याची पट्टी गायकागणिक बदलते. आज ताईंनी काळी चारमध्ये म्हटलेलं गाणं उद्या दादा काळी एकमध्ये म्हणतात. पाच तारा असल्या की बोटांचा तोच साचा नुसता सरकवून चालतो, वरचे-खालचे स्वर पुन्हा शोधत बसावे लागत नाहीत. मुंबईत वाढलेल्या आणि ए. आर. रहमान यांच्या कार्यक्रमांतून गाजलेल्या मोहिनी डे पाच तारांवर वाजवतात, त्यांना पाहून पुष्कळ पोरांना पाच तारा हव्याशा वाटतात. वाटू देत, फक्त स्वस्तातल्या पाच तारांच्या बेसची जाड तार बहुधा ढिली आणि गढूळ वाजते. तीस हजारांच्या आतल्या पाच तारांपेक्षा त्याच पैशातल्या चार तारा केव्हाही बऱ्या, असं माझं मत.

हाताबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे : ‘हात लहान आहे ना, मग जॅझ घे.’ जॅझचा नेक वरच्या टोकाला ३८ मिलिमीटर रुंद, प्रिसिजनचा साधारण ४१ ते ४४. पकडायला जॅझ खरंच हलका. पण दोघांची तारेची लांबी एकच, चौतीस इंच. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत बोटं ताणायची तर दोन्हीकडे १३ सेंटीमीटरच. लहान हाताची अडचण रुंदीपेक्षा या ताणाची असते आणि तिच्यावर जॅझ हे उत्तर नाही. तीस इंची आखूड बेस हे उत्तर आहे. तिथे तेच अंतर साडेअकरावर येतं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर आखूडच होता. त्याने त्यांचं काही अडलं नाही.

मराठवाड्याची हवा या वाद्याला सोसत नाही हे मुंबईचा विक्रेता सांगणार नाही, कारण त्याच्याकडे बारा महिने दमट. इथे मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलाव्याचा मागमूस नसतो आणि ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. चार तारा मिळून नेकला सुमारे पंचाहत्तर किलोच्या जोराने ओढत असतात. त्या ओढीला तोंड द्यायला नेकच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की नेक मागे झुकतो आणि तारा पडद्यांना घासून खरखरतात. लाकूड आकसतं, धातूचे पडदे आकसत नाहीत, म्हणून पडद्यांची टोकं नेकच्या कडेला बाहेर येतात आणि तळहाताला बोचतात. पावसाळ्यात उलट, तारा उंच होतात आणि दाबताना बोटं दुखतात. वर्षातून दोनदा सळई थोडीशी फिरवावी लागते. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, मग एक दिवस थांबून बघायचं. जॅझचा नेक बारीक असल्याने तो या हालचाली जरा लवकर दाखवतो असा वादकांचा अनुभव. एप्रिलमध्ये बंद मोटारीत बेस ठेवून मंगल कार्यालयात जेवायला जाणाऱ्या माणसाला मात्र कुठलीच जात वाचवू शकत नाही.

पडदे ज्या फळीवर बसवतात ती बहुधा शिसवाची किंवा मेपलची. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने जवळपास बंद झाला. जगातल्या गिटारवाल्यांचा ओढा दक्षिण भारतातल्या शिसवाकडे होताच, तो आणखी वाढला. २०१७ मध्ये या लाकडाच्या वाद्यांनाही परवान्याची कटकट लागली, ती २०१९ च्या अखेरीस सुटली. आपल्या आजीच्या शिसवी देव्हाऱ्याचं भाऊबंद लाकूड कॅलिफोर्नियाला जाऊन बेस होऊन परत येतं, याचं कौतुक करावं. पण भरीव अंगाच्या विजेच्या बेसमध्ये त्या फळीने आवाजात पडणारा फरक मांडवातल्या एकाही माणसाला ऐकू येणार नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

पैशांचा मुद्दा आलाच आहे. नवशिक्यासाठी नावाजलेल्या कंपनीचा बेस साधारण वीस ते तीस हजारांत येतो. या किमतीत प्रिसिजन की जॅझ हा वाद अर्धा मिटलेलाच असतो, कारण तिथे संकर भेटतो : पुढे प्रिसिजनचा दुभंगलेला पिकअप, मागे जॅझचा. वादक त्याला ‘पीजे’ म्हणतात. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ असा आहे. फेंडरच्याच स्वस्तातल्या स्क्वायर नावाखाली प्रिसिजन म्हणून विकला जाणारा अॅफिनिटी बेसही असाच. संकर म्हणून नाक मुरडू नये. मागचा पिकअप बंद ठेवला की हातात प्रिसिजन राहतो, मांडवात तेवढाच पुरे. घरी रेकॉर्डिंग करताना मागचा थोडा उघडायचा. गुणगुण येते ती तेव्हाच आणि घरी एलईडीची भिंत नसते.

काही बेसमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किटही असतं, त्यांना अॅक्टिव्ह म्हणतात. आवाज घडवायला जास्त वाव मिळतो, पण केबल खोचलेली राहिली की बॅटरी रात्रभर झिजते आणि बॅटरी संपली की पुष्कळ बेस मुके होतात. कार्यक्रम खुलताबादला आणि बॅटरी घरी, असं व्हायला नको. पहिला बेस बिनबॅटरीचा घ्यावा.

मग निवड कशी करायची? ज्याला मुख्यतः ऑर्केस्ट्रात, गायन पार्टीत, चर्चच्या प्रार्थनेत, म्हणजे इतरांच्या खाली उभं राहून वाजवायचं आहे, त्याने प्रिसिजन किंवा पीजे घ्यावा. ज्याला घरी बसून ध्वनिमुद्रण करायचं आहे, एकट्याने चाली वाजवायच्या आहेत, बोटाने तार उचलून आपटण्याचे प्रकार शिकायचे आहेत, त्याला जॅझ जास्त देईल. हे माझं मत आहे. जॅझ घेऊन तीस वर्षं ऑर्केस्ट्रात घालवलेले वादकही आहेत आणि त्यांचं कुणी काही वाकडं केलेलं नाही.

दुकानात गेलात तर एकटे जाऊ नका. सोबत ढोलकीवाला किंवा कीबोर्डवाला मित्र न्या. तो नसेल तर मोबाइलवर तुमच्या नेहमीच्या गाण्याचा ठेका छोट्या स्पीकरवर लावा. दोन्ही बेसवर एकच ओळ वाजवा, त्याच आवाजात, त्याच अँप्लिफायरवर. मग बेस मित्राच्या हातात द्या आणि दुकानाच्या दारापर्यंत मागे जा. वीस फुटांवरून ज्या बेसचा प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतो तो ठेवा. नंतर तो उचलून नेकच्या टोकाकडून एक डोळा मिटून बंदुकीच्या नळीसारखा बघा. नेकला पीळ दिसला तर किंमत कितीही कमी असो, परत टांगा. जुना घेताना तर हे आधी, आवाज नंतर.

आणि घेतलेला बेस तीन महिन्यांत नकोसा वाटला तर विकायच्या आधी तारा बदलून बघा. गोल गुंडाळीच्या तारा चकाकतात, चपट्या गुंडाळीच्या मऊ आणि गडद वाजतात. दोन-चार हजारांत जॅझ प्रिसिजनच्या बऱ्याच जवळ येतो. जेमरसन आपल्या तारा तुटेपर्यंत बदलत नसत असं सांगतात. संभाजीनगरच्या उन्हाळ्यात घामाने तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की त्या कोरड्या सुती फडक्याने पुसून ठेवा.